ओटीपर्यंतचा आवाज

मित्रांनो, मी पियानो आहे. जुना, आणि खरं सांगायचं तर जरा तोऱ्याचा. गास गावात माझ्यासारखा दुसरा सापडायचा नाही. मला वाजवायला बोटं लागत नाहीत. भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी आत लावा, पायांनी भाता मारा, की माझ्या पट्ट्या आपोआप खालीवर होतात.

मुंबईच्या एका बंगल्यातून क्लेमेंटनं मला ट्रकमधून आणलं. भलता हौशी माणूस! बागेला पाणी लावून आला की दणादण भाता मारायचा. जितका पायांचा जोर, तितका माझा आवाज. लग्नातल्या नाचाची गुंडाळी लागली की बायको सालोमी आतून ओरडायची, "अहो, कमी करा! विहिरीपर्यंत ऐकू जातंय." मग हा आणखी जोर लावायचा.

एकोणऐंशी साली क्लेमेंट गेला. घरात वर्षाचा दुखवटा. वाद्य वाजवायचं नाही, अशी रीत. पण सालोमीला राहवेना. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या जयरामकडून तिनं माझी आवाज कमी करायची दांडी नीट करून घेतली.

"दांडी डावीकडे ठेवा, काकी, आणि पाय हलके मारा," जयराम म्हणाला. "फार हलके नको हां. हातोडी तारेपर्यंत पोचणार नाही."

दुपारी दारं लावून ती बसायची. आवाज ओटीपलीकडे जाऊ नये म्हणून पाय इतके हळू, की निम्मे सूर गळायचे. मी जिवाचा आटापिटा करायचो, खोटं नाही सांगत. एकदा गळलेल्या सुरासाठी तिनं पाय जरा दाबला, आणि मी मूर्ख, दणकन वाजलो!

नणंद क्लारा नेमकी ओटीवर. "वहिनी! माझ्या भावाला जाऊन तीन महिने नाही झाले!"

"त्यांचंच तर ऐकतेय गं," सालोमी म्हणाली.

लोकलाजेनं मुलानं, सॅन्टननं, मला कुलूप घातलं. किल्ली क्लारानं नेली. सालोमी रोज माझं लाकूड पुसायची. आत उंदीर शिरले. मी कुणाला सांगणार?

चर्चमध्ये क्लेमेंटसाठी वर्षाची मिस्सा झाली, दुखवटा संपला. क्लारानंच येऊन कुलूप काढलं. "वाजव, वहिनी. हवं तेवढं मोठ्यानं."

सालोमीनं दांडी उजवीकडे सारली, सगळा जोर लावला. उंदरांनी कुरतडलेल्या भात्याच्या चामड्यातून नुसता वारा सुटला. ती भाता मारतच राहिली. शेवटी क्लारानं रडत तिचे पाय धरले.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कुणाचा आवाज मोठा वाटला, तर थोडा कमी कर म्हणून सांगा. कुलूप घालू नका. घातलंच, तर वर्षभर थांबू नका.