मंगळवारी वाजलेला रविवार

मित्रांनो, व्हिक्टोरिया सरोवरातल्या एका बेटावर, चर्चच्या वळचणीला टांगलेला मी एक जुना ढोल आहे. मला घडवणाऱ्या कारागिराने कातडं आवळण्याआधी माझ्या पोटात काहीतरी टाकलं. आमच्याकडे त्याला ढोलाचं काळीज म्हणतात. खडा असेल, बी असेल. कारागीर कोणाला सांगत नाही. मला हलवलं की ते आत खुळखुळतं. स्वतःच्याच पोटात काय आहे ते ठाऊक नसल्यामुळे मला लहानपणापासून चौकशीची खोड लागली.

सगळ्यात मोठं कोडं चर्चमध्येच होतं. फादर महिन्यातून एकदा होडीने येऊन मिस्सा, म्हणजे मोठी उपासना, करत. बाकीचे रविवार धर्मशिक्षक पोन्सियानो प्रार्थना चालवी. माणसं कोणाशी तरी बोलत. तो दिसत नसे, उत्तरही देत नसे. तरी बोलून झालं की ती हलकी होऊन घरी जात. हे कसं, मला कळेना.

मला वाजवायची ती विधवा लिओकाडिया. माझे ठेके दोन. रविवारचा संथ: या, प्रार्थनेला या. धोक्याचा घाईचा: किनाऱ्यावर लुटारू आलेत, गावकऱ्यांनो धावा, पाण्यातल्यांनो, दूरच राहा. जाळी आणि होड्यांची इंजिनं पळवणाऱ्यांचा आमच्याकडे सुळसुळाट होता.

एका मंगळवारी सकाळी दाट धुकं उतरलं. बारीक मासळी धरायला गेलेली होडी परतली नव्हती आणि वारा वाढत होता. होडीत लिओकाडियाचा एकुलता एक मुलगा बोनाव्हेंतुरा होता.

पोन्सियानो धापा टाकत आला. "मावशी, धोक्याचा ठेका धर. सगळं गाव गोळा होऊ दे."

"गाव गोळा होऊन काय धुकं खाणार आहे?" ती म्हणाली. "आणि पोरांना वाटेल, किनाऱ्यावर लुटारू आलेत. तोंड फिरवून आणखी आत जातील. मी रविवारचा वाजवते."

"आज मंगळवार आहे," पोन्सियानो चाचरला.

"पोरगं पाण्यात, आणि हिला मिस्सा सुचतेय," मासळी वाळत घालणारी शेजारीण फणकारली.

"देवाला सगळे वार सारखेच गं," लिओकाडिया म्हणाली.

धुक्याने माझं कातडं सैल पडलं होतं. तिने केळीची वाळकी पानं पेटवून मला शेकलं, क्रूसाची खूण केली. "प्रभू, पोर तुझ्या हाती. माझ्या हाती एवढा ठेका आहे, तो मी सांभाळते."

मित्रांनो, तिचे तळहात गार पडले होते. भीती तिच्या मनगटापर्यंत आलेली मला स्पष्ट कळत होती. भीतीला फार घाई असते, ती ठेका पळवू पाहते. पण ठेका पळाला नाही. वाजवता वाजवता तळहात उबदार झाले. भीती गेली कुठे म्हणून मी खूप शोधलं, मला ती सापडली नाही. माझ्या पोटातलं न दिसणारं काळीज मात्र प्रत्येक ठोक्याला खुळखुळत होतं.

दुपार कलली तेव्हा माझं कातडं टरकन फाटलं. ती माझ्या लाकडावरच ठेका धरून राहिली. आणि धुक्यातून वल्ह्यांचा आवाज आला.

बोनाव्हेंतुरा गुडघाभर पाण्यातून चालत आला. "इंजिन बंद पडलं, दिशा कळेना. आणि तुझं आपलं मंगळवारी रविवार. म्हटलं, आईचं डोकं फिरलंय, जाऊन बघावं."

तिने त्याला एक चापट मारली आणि मग पोटभर रडली.

पुढे चर्चमध्ये लोकांना बोलवायला लाउडस्पीकरचा कर्णा आला. फाटका मी कोपऱ्यात पडलो, माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. मला फार वाईट वाटलं. मग एके दिवशी बोनाव्हेंतुराने नवं कातडं आणलं. जुनं काढताच तो वाकून म्हणाला, "आई, आत काय आहे ते तरी बघू."

मीही श्वास रोखला. जन्मभराचं कोडं आता सुटणार होतं. पण लिओकाडियाने डोक्याचं फडकं माझ्या तोंडावर टाकलं. "राहू दे रे. इतकी वर्षं न बघताच वाजला ना?"

माझी चौकशी तिथेच संपली. मित्रांनो, तुमच्या घरी ढोल असेल तर त्याला कोपऱ्यात टाकू नका. ओल लागली तर आधी शेका, मगच वाजवा. आणि संकटात तुमचे हात गार पडले, तरी ठेका रविवारचाच धरा. धुक्यात कोणीतरी तो ऐकत असतं.