शांतता नावाच्या फायली

सोमवारी आत्याच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि शनिवार उजाडला तरी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाचून झालं नव्हतं. आत्या अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. डॉक्टरांनी बजावलं होतं, नंतर महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, आणि पुढे आवाज असाच राहील याची खात्री नाही. एका पुस्तकात दोन आवाज? आत्याला ते चालणारच नव्हतं.

आणि नेमकी तिसऱ्या पानाला कॉम्प्युटरने मान टाकली. सी ड्राइव्ह भरला!

"टेन्शन घेऊ नकोस, मी आहे ना!" मी म्हणाले.

"तू आहेस याचीच धास्ती आहे," म्हणत आत्या कोमट पाणी प्यायला आत गेली.

गेल्या महिन्यात मी शाळेतला बंद पडलेला कॉम्प्युटर सगळ्या वर्गासमोर चालू केला होता. तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नव्हते, हे आता कबूल करते. तर मी लागले साफसफाईला. सगळ्यात जास्त जागा आत्याच्या मूळ रेकॉर्डिंग्जनी खाल्ली होती. वाचताना चुकली की ती थांबत नाही. एक टाळी वाजवते, दोन क्षण गप्प राहते आणि तेच वाक्य पुन्हा म्हणते. स्क्रीनवरच्या आवाजाच्या रेघेत टाळीचा सुळका लांबूनही दिसतो, मग चूक कापायला सोपं जातं. पण कापून झालं तरी मूळ रेकॉर्डिंग ती टाकत नाही. ते उडवलं असतं तर तिने मलाच उडवलं असतं.

मग मला 'शांतता' नावाच्या चाळीस फायली सापडल्या. एक ऐकली. काहीच नाही. दुसरी ऐकली. तिच्यातही काही नाही. म्हणजे रिकाम्याच की! सगळ्या उडवल्या, वर रिसायकल बिनही साफ केला. जागा मिळाली चिमूटभर.

"काय काढलंस गं?" आत्याने येऊन विचारलं.

"काही नाही, त्या शांतता की काय. नुसत्या रिकाम्या होत्या."

आत्याने पेला खाली ठेवला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"रोज वाचायच्या आधी मी मिनिटभर खोली रेकॉर्ड करते," ती हळूच म्हणाली. "खोलीलाही आवाज असतो, शहाणे. रोज थोडा वेगळा. चूक कापली की तिथे तो भरते, नाहीतर कानाला खड्डा लागतो. अजून चार प्रकरणं भरायची राहिलीत."

मी रिसायकल बिन पुन्हा उघडून पाहिला. रिकामाच.

"आधी मला वाचू दे. रडायचं ते नंतर बघू."

या वेळी मी काहीही उडवलं नाही. शेजारचा डी ड्राइव्ह जवळजवळ मोकळा होता. पण आत्याचं सगळं जात होतं डॉक्युमेंट्समध्ये, आणि डॉक्युमेंट्स बसलं होतं सी वर. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन मी त्याचा पत्ताच बदलून डी चा केला. जुन्या फायलीही तिकडे न्यायच्या का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मी आत्याला विचारलं. हो, चक्क विचारलं! आणि मगच 'हो' दाबलं.

पन्नास मिनिटं लागली. मी नुसती बघत बसले होते. मूळ प्रकरण सहा, मूळ प्रकरण सात... सगळी टाळ्यांसकट चालली होती.

"आत्या! टाळीनंतर तू गप्प असतेस ना? मग तेवढा वेळ खोलीच ऐकू येत असणार!"

तिने हेडफोन लावले. एक टाळी, दुसरी टाळी, तिसरी. डोळे मिटून ऐकत राहिली.

"दिवस तोच, खोली तीच," ती म्हणाली. "तुकडे जोडत बसावं लागेल. महिनाभर मी बोलणार नाही, पण बोट दाखवीन तिथे तू कापायचंस."

"कापीन."

"बरं झालं बाई, मी इतकी चुकते."

मग तिने वाचायला घेतलं. शेवटच्या पानावर आवाज चिरकला, टाळी वाजली, आणि तेच वाक्य पुन्हा आलं. शेवटचं वाक्य मात्र एका दमात पार पडलं. मी रेकॉर्डिंग थांबवायला हात पुढे केला, तर तिने तळवा वर केला. थांब. मिनिटभर आम्ही दोघी गप्प बसलो. आतून फ्रिजची बारीक घरघर येत होती. लांब कुठेतरी दार लागलं.

तिने मान हलवली. फाइलला नाव द्यायची खूण मलाच केली. मी 'शांतता' लिहिलं, पुढे तारीख घातली, आणि ती कुठे चालली आहे हे दोनदा बघून मगच सेव्ह केली.