खुराचं औषध

पितळी डबीच्या झाकणावरचा घोड्याचा नाल आता डोळ्याला दिसत नव्हता, अंगठ्याला तेवढा कळत होता. डबीत एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. बटव्यातल्या बटव्यात मनुबाई तिच्यावरून अंगठा फिरवत बसल्या होत्या, सांगलीच्या त्या दवाखान्यात, भिंतीकडेच्या खुर्चीवर, जरा एका कुशीवर रेलून, कारण सरळ बसलं की आग व्हायची. चुन्याची आग. आठ दिवस झाले तरी विझली नव्हती.

चूक तरी कसली म्हणायची? चामखिळीला चुना लावतात, हे त्यांच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. चुना लावावा, नाहीतर घोड्याचा केस बांधावा. खपली धरते, गळून जाते. फक्त ही चामखीळ मानेवर नव्हती. अवघड जागी होती, आणि एक नव्हती. उन्हाळ्यात आंघोळ करताना हाताला तीन लागल्या, दिवाळीपर्यंत फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा घोसच झाला. बाहत्तराव्या वर्षी हे कोणाला दाखवायचं? सुनेला, क्रांतीला, सांगितलं, डोळे तपासून येते. कराडला दवाखान्यांना काही तोटा नव्हता, पण कराडच्या प्रत्येक बाकड्यावर ओळखीचं कोणीतरी असतंच, आणि ते विचारतंच, "काय वो काकी, कशापायी आलासा?" म्हणून मग सांगली... एस.टी.च्या खिडकीतून आष्ट्यापर्यंत नुसता ऊस बघत.

डबी त्यांची. नाथाजींची. फौजेत ते खेचरांच्या कंपनीत होते. लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत त्यांना मनूच्या मानेवर, मंगळसूत्राच्या जरा वर, चामखीळ दिसली होती. ट्रंकेतून त्यांनी खेचराच्या शेपटीचा एक लांब काळा केस काढला. घोड्याचा न्हाई, पर त्याच्या मावसभावाचा हाय, म्हणाले. माजघरात उजेडाला बसवून केस गुंडाळला, गाठ मारली. रोज सकाळी गाठ थोडी आवळायची, आणि आवळताना विचारायचं, "दुखलं तर सांग हां." दुखायचं. सांगितलं नाही कधी. त्यांच्या बोटांना तंबाखूचा वास होता आणि ती बोटं इतकी जपून चालायची... आठव्या दिवशी चामखीळ उशीवर पडलेली सापडली तेव्हा, मनुबाईंना आठवलं, मला वाईट वाटलं होतं. आता हे मानेशी बसणार नाहीत म्हणून.

"मनुबाई नाथाजी..." सिस्टरनं पुकारलं.

डॉक्टरीणबाई पोरसवदा होत्या, अश्लेषा नावाच्या. टेबलावर झोपायचं, पाय वर घ्यायचे. मनुबाईंनी छताकडं बघितलं. तिथं पंख्याच्या दांड्याला जळमट होतं. तीन बाळंतपणं घरात झाली, सुईणीशिवाय तिथं कोणाची नजर पडली नव्हती.

"आजी, हे भाजलंय कशानं?"

"चुना लावला."

"चुना? तिथं?"

"मग काय अत्तर लावू? चामखिळीला चुनाच लावत्यात."

सिस्टर फसकन हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. पांघरूण नीट केलं, हात धरून उठवलं, समोर बसवलं आणि सावकाश सांगायला लागल्या. या चामखिळी वेगळ्या, इथं घरचं काही लावायचं नाही, हातापायाच्या चामखिळीचं औषधसुद्धा नाही. आधी भाजलेलं भरू द्यायचं. मग घरी लावायचं मलम आहे, त्याला महिने लागतात. थंड वाफेनं गोठवून पाडता येतं. नाहीतर जागा बधिर करून जाळून काढता येतं. एक कण आधी तपासायला पाठवू, या वयात तेवढं बघितलेलं बरं. "आणि गेल्या म्हणजे संपलं असं नसतं हां, आजी. परत येऊ शकतात. मूळ आत राहतं."

"पर झाल्या कशानं?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "संबंधातून येतं हे."

"मालकांस्नी जाऊन अकरा वर्सं झाली. दुसरं कोन न्हाई माझ्या जल्मात. सांगून ठेवते."

"मी कुठं काय म्हटलं? अहो, पुष्कळ वर्षं अंगात गप्प बसतं हे. वय झालं, ताकद कमी झाली की वर येतं. कधी आलं ते आता कळणार नाही. आणि ज्याच्याकडून येतं त्याला कित्येकदा माहीतही नसतं, दिसतच नाही काही."

माहीत नसतं. मनुबाईंनी तेवढंच उचललं. माहीत नव्हतं त्यांना. फौजेतला माणूस, वर्षातले दहा महिने परमुलखात... काय झालं असेल, झालं असेल. पण त्यांना माहीत नव्हतं. एवढ्या आधारावर उठताही आलं असतं. तेवढ्यात ट्रेमधल्या तपकिरी बाटलीकडं लक्ष गेलं. बुचाशी काकवीसारखा डाग सुकलेला.

"ते कशाचं वो?"

"तेही याचंच. जुनं औषध. आम्ही इथंच लावतो, घरी देत नाही. चांगल्या कातडीला लागलं तर भाजून निघतं."

...एस.टी. निघाली तरी डाग डोळ्यासमोरून हलेना.

घराची कौलं फिरवली त्या वर्षीची सुट्टी. आदल्याच वर्षी पोटातलं गेलं होतं. नाथाजी दोन महिन्यांसाठी आले आणि पहिल्या रात्रीपासून बाहेर सोप्यात झोपले. पाठ धरलीय म्हणाले. ट्रंकेत तळाला एक तपकिरी बाटली होती, आणि त्यांच्या धोतराला तसलाच डाग, राखेनं घासला तरी न निघणारा. विचारलं तर म्हणाले, खेचराच्या खुराचं औषध हाय. आणि त्याच आठवड्यात बैल लंगडायला लागला. मनूनं शहाणपणानं ती बाटली काढली, बुचाला हात घातला... "हात लावू नगंस त्याला!" असे ओरडले की कौलं रचणारे गडी थांबले. बाटली हिसकावून घेतली आणि मनूचे हात रांजणाशी नेऊन पुन्हा पुन्हा धुतले. स्वतः धुतले. घरभर हशा झाला. सासूबाई म्हणाल्या, "बायकूपरीस खेचरात जीव हाय गं बाई ह्याचा!" चाळीस वर्षं ती गोष्ट घरात चालत आली. क्रांतीच्या लग्नात सांगितली, नातवंडं अजून मागतात, "आजी, खुराच्या औषधाची सांग की." मीच सांगते. ओरडण्याची नक्कल करून सांगते.

आणि ते दोन महिने... मला वाटलं होतं, मूल राहिलं नाही म्हणून मी त्यांना नकोशी झाले. हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या सुट्टीत ते आत आले. पोरगा सयाजी त्याच सुट्टीतला. खपली गळाली म्हणजे गेलं, असंच त्यांनाही वाटलं असणार.

म्हणजे माहीत होतं.

आष्टा आलं. बटव्यात फोन वाजला, क्रांतीचा. "आत्या, काय म्हनला डाक्टर?"

"पंध्रा दिवसांनी परत बोलीवलंय."

"ऑपरेशन सांगितलं काय?"

"बघू. आल्यावर बोलते," म्हणाल्या, आणि खरंच बोलायचं की काय हे त्यांना स्वतःलाच कळलं नाही.

राग यायला हवा होता. तो आहे, हे कळत होतं, पुढच्या थांब्यावर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या पाहुण्यासारखा. एकदा चढला की लवकर उतरायचा नाही. पण त्याच्याआधी दुसरंच काहीतरी आत येऊन बसलं होतं. कुठल्या तरी छावणीतला दवाखाना. टेबल. धोतर सोडून छताकडं बघत पडलेला एक तिशीतला माणूस, आणि वर, कोणास ठाऊक, तिथंही जळमट. त्याला तिथं कोणी विचारलं असेल का...

मनुबाईंचा हात मानेवर गेला. तिथं आता सुरकुत्यांखेरीज काही नव्हतं. दुखलं का वो तुमाला, त्यांनी विचारलं, मनातल्या मनात, आणि चुन्याची आग सांभाळत सीटवर दुसऱ्या कुशीला कलल्या.