कोरडा दोर

सणाच्या तंतूंचा दोर भिजला की फुगतो, आणि फुगला की लांबीला आखडतो. पीळ घट्ट बसतो, गाठ नखाने सुटत नाही. उन्हात टाकला तर वरून दुपारपर्यंत वाळतो. पण पीळ उकलून आतल्या पदराला बोट लावलं, तर तो संध्याकाळीही गार लागतो.

सहदेव मास्तरांनी हे एका सकाळी लिहून ठेवलं. अमरावतीच्या मराठी शाळेत जाण्याआधी रोज एक वस्तू पुढ्यात घ्यायची आणि दिसेल तेवढंच लिहायचं, असा त्यांचा नेम होता. कधी सरकीचा दाणा, कधी बैलाचा खूर. 'जणू' हा शब्द वर्ज्य. आणि जे वाक्य काढलं तरी गोष्ट पडत नाही, ते काढून टाकायचं.

"मास्तर दोराकडं टक लावून बसले, बापा," शेजारचा गोवर्धन ओरडला. "लक्ष ठेवा रे कोनी!"

त्या दोरातून गोष्ट निघाली. एक सून सकाळी विहिरीत सापडते. पाणी भरताना पाय घसरला, असं सासरचे सांगतात. गोष्टीत कुणी कुणावर बोट ठेवत नाही. फक्त दोर खुंटीवर गुंडाळलेला असतो, आणि तो आतल्या पदरापर्यंत कोरडा असतो.

पुण्याच्या एका छापखान्याने ती 'बोध नाही' असा शेरा मारून परत पाठवली. अकोल्यात शिळाछापाचा छापखाना चालवणाऱ्या अब्दुल सत्तारने ती बसल्या बैठकीला वाचून काढली.

"किस्सा उमदा आहे, मास्तर. मगर कागद महाग, हाताने लिहून देणारा कातिब महाग. खर्च कोण उचलणार?"

उचलणारा मिळाला तो भातकुलीचा खुशालराव. अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या सालांत कुणी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा ठोकल्या, कुणी माडी चढवली. खुशालरावाच्या मनात पुस्तक भरलं. पहिल्या पानावर आश्रयदाता म्हणून आपलं नाव असावं, एवढीच त्याची अट होती. त्याने तक्क्याला टेकून, डोळे मिटून सगळी गोष्ट ऐकली.

"ब्येस हाये," तो म्हणाला. "तेवढा दोर काढून टाका."

"काहून?"

"लांबते तिथं. बाई मेली ना? मंग झालं."

मास्तरांना नवल वाटलं ते टीकेचं नाही, तिच्या नेमकेपणाचं. नेमाप्रमाणे पाहिलं तर ते वाक्य काढता येत होतं. सून मरतच होती, सासरचे रडतच होते. "पाहतो," मास्तर म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांनी ती गोष्ट मारुतीच्या पारावर वाचली. लोकांना पोथी ठाऊक होती. मनची, रचलेली गोष्ट ठाऊक नव्हती. वाचून झालं की दरवेळी कुणीतरी विचारायचंच, "हे कोन्या गावचं हो?" मनची आहे म्हटलं की लोक हसायचे, आणि जाता जाता आपसांत गाव ठरवून टाकायचे.

त्या दिवशी सगळे उठून गेले तरी मैनाबाई बसून राहिली. तिचा नवरा नत्थुजी खुशालरावाची जमीन कसत होता. ती स्वतः लोकांचा कापूस रेचून, सरकी वेगळी करून द्यायची. केसांत रुई अडकलेली असायची.

"मास्तर, दोराचं तुमाले कोनं सांगतलं?"

"कोणी नाही. मनानं लिहिलं."

"मनातून दोर कसा निगते?" ती जवळ सरकली. "माही लीला खुशालरावाच्या घरी देली होती. त्याच्या पोराले. मागल्या साली विहिरीत गेली. पानी भरता भरता पाय सरकला म्हणे. मी गेली तं दोर खुंटीवर होता. मी हात लावून पाह्यला. खडंग कोरडा."

खुशालरावाची सून वारल्याचं त्यांनी ऐकलं होतं. पण त्या सालांत तापाने, पटकीने एवढी माणसं गेली होती, की कोण कशाने गेलं हे कुणी विचारत नसे.

"कुणाला सांगितलं नाही?"

"कोनाले सांगू? लीलाचा बाप म्हणते, जमीन जाईन. मले वाटलं, मीच भुलली. आता धाकटीले मागून राहिले. कौसल्याले. त्याच घरी, त्याच पोराले." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमी न पाह्यता लिवलं, मास्तर. मी पाहून बोलली नाही. कोनी म्हटलं तरी ते खोडू नका. बाकी काही मागत नाही मी."

"पाहतो," मास्तर तिलाही म्हणाले.

पुढचे दिवस त्यांनी सकाळी वही उघडली आणि काही न लिहिता मिटली. वाक्य काढलं तर पुस्तक होत होतं. ठेवलं तर गोष्ट पेटीत कुजणार होती, आणि ठेवून कौसल्येचा जीव तरी वाचेल याची खात्री नव्हती. त्यांनी ते खोडलं नाही, आणि खोडणार नाही असंही कुणाला सांगितलं नाही.

कौसल्येची सुपारी फोडून सोयरिक पक्की करायची होती, त्याचं बोलावणं त्यांनाही आलं. नत्थुजीच्या अंगणात सतरंजी पसरली होती. दाराआड बाया, पुढे सोयरे, मधे खुशालराव. ताटात सुपारी आणि अडकित्ता.

"अरे मास्तर!" खुशालराव रंगात होता. "उद्या आपली गाडी आकोल्याले जाते. वही धाडून द्या. दोर काढला ना?"

"कोनता दोर?" गोवर्धन म्हणाला. "मास्तरानं विहीर खनली का काय?"

सगळे हसले. दाराच्या चौकटीवर मैनाबाईचा हात दिसत होता. तो हलला नाही.

"नाही काढला," मास्तर म्हणाले. "काढणार नाही."

"मंग पुस्तक नाही."

"नाही तर नाही."

"असं हाये तरी काय त्या दोरात?" एका म्हाताऱ्या सोयऱ्याने विचारलं.

वही घरी होती. मास्तरांनी पाठ म्हणून दाखवलं. "पाणी भरायला गेलेल्या बाईचा दोर खुंटीवर होता. पीळ उकलून पाहिला, तो आतूनही कोरडा होता."

खुशालराव हसला. "मनची गोष्ट हाये. मास्तरच सांगतीन."

"हो," मास्तर म्हणाले. "मी मनानं लिहिली."

"लीलाचा बी कोरडाच होता," दारातून आवाज आला. "मी हात लावला होता."

नत्थुजी अर्धवट उठला. "अंदर जाय!"

मैनाबाई आत गेली नाही. ती बायांतून वाट काढत अंगणात आली, सुपारीचं ताट उचलून तिने खुशालरावापुढून बाजूला ठेवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माही कौसल्या मी देत नाही."