घासलेलं नाणं

भिंगकाकांचा सगळा जीव परक्या राजवटीतल्या जुन्या नाण्यांत. सालाखाली बारीक ठिपका असला तर नाणं एका टांकसाळीचं, नसला तर दुसरीचं, हे ते भिंगातून झटक्यात ओळखत. घरातल्या माणसांचे चेहरे पाहायला मात्र त्यांना सवड नव्हती. आपल्याही घरात असं एखादं भिंग असेलच. कुणाचा मोबाइल असेल, कुणाची फाइल.

काकांच्या वाढदिवसाला सुनेनं घोळ घातला. राणीच्या छापाचं, ठिपक्याचं दुर्मीळ चांदीचं नाणं तिला काळवंडलेलं दिसलं. सासरे खूश होतील म्हणून तिनं ते लिंबू-मीठ लावून लख्ख घासलं आणि बशीत ठेवून हौसेनं पुढे केलं. आता घासलेल्या नाण्याकडे शौकीन ढुंकूनही पाहत नाहीत. जुना रंग गेला की मोल गेलं.

"अक्कल गहाण ठेवलीस का? पुन्हा माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही!" काका पाहुण्यांदेखत ओरडले.

थोड्याच दिवसांत मुलगा-सून दुसरीकडे राहायला गेले. काकांनी अडवलं नाही. सकाळी चहा करताना ते सवयीनं तीन कप काढत आणि दोन परत ठेवत. घर खायला उठलं होतं.

एकदा त्यांचे जुने स्नेही, घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी, आले. तेही नाणीवेडेच. काकांनी नाणं त्यांच्यापुढे सरकवलं.

"बघ, वाटोळं केलं की नाही?"

घड्याळजींनी ते उजेडात धरलं. "ठिपका शाबूत आहे. राहू दे तसंच, हळूहळू रंग धरेल. पण पोरीला किती दिवस असंच दूर ठेवणार आहेस?"

"तिला कळायला नको?"

"तू कधी सांगितलंस? इतकी वर्षं एका घरात राहिलात, एकदा तरी भिंग तिच्या हातात दिलंस? अरे, नाणं एकटं सोडलं की सुधारतं. माणूस नाही सुधारत."

बशी पुढे करणारे ते हात काकांना आठवले आणि स्वतःची लाज वाटली. घड्याळजी गेल्यावर त्यांनी सुनेला फोन लावला.

"सूनबाई, चुकलं माझं. रविवारी येशील? तुला तो ठिपका दाखवायचाय."

पलीकडून तिनं विचारलं, "बाबा, जेवलात का?"



मंडळी, वस्तू जरूर जपाव्यात. पण त्या दाखवायला शेजारी कुणीतरी असावं, एवढं आधी जपावं.