अंगावरून वारं

“सायेब, मालकांच्या अंगावरनं वारं गेलंया! बगा की कायतरी!”

केसपेपरच्या खिडकीतून हात आत घालून बाई ओरडत होती. मागच्या बाकावर तिचा नवरा एका अंगाला कलला होता. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, आणि ती पुसायला उजवा हात उचलायचा असतो हेही त्याच्या ध्यानात येत नव्हतं.

धम्मपालनं पेन उचललं. शाहूपुरीतल्या त्या धर्मादाय दवाखान्यात केसपेपर लिहिता लिहिता त्याची एकतीस वर्षं गेली होती. डॉक्टर अनुजा कसलासा कागद शोधायला त्याच्या टेबलाशी आल्या होत्या. मुंबईहून येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता.

“वारं म्हणजे? गॅस धरलाय का यांना?”

“गॅस नव्हे मॅडम. लकवा.” धम्मपाल बाईकडं वळला. “मावशी, कवापासनं? किती वाजलं हुतं?”

“घड्याळ कोन बगतंय वो! कारखान्याचा भोंगा झाला आन् च्याचा कप हातातनं गळला.”

“गाव कंचं? भोंगा कितीचा, आठचा?”

“बिद्री. व्हय, आठचाच.”

भिंतीवर सव्वादहा झाले होते. अनुजा मॅडमनी हिशेब केला आणि स्ट्रेचरसाठी हाका मारत त्या धावल्या. डोक्यातली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. धम्मपालनं कागदावर लिहिलं : आकाराम, वय बावन्न, डावी बाजू लुळी, सकाळी आठपासून.

दुपारी मॅडम चहाचे दोन कप घेऊन खिडकीच्या आत आल्या.

“दिलं इंजेक्शन. भाऊसाहेब, तुम्ही नसता तर मी पोटाचं विचारत बसले असते. पण वारंच का म्हणतात?”

धम्मपालला असं कुणी विचारत नसे. त्याचा चेहरा खुलला. “जुना समज आहे. शरीरात वात बिघडला की अंग लुळं पडतं. वात म्हणजे वारा. धनुर्वातातही तोच, माणूस धनुष्यासारखा वाकतो म्हणून धनुर्वात. पक्षाघात म्हणाल तर पक्ष म्हणजे पंख, बाजू. एक बाजू मारली गेली. बीएला माझी पाली भाषा होती, तिच्यात पक्खहत म्हणतात. एक पंख मोडलेलं पाखरू डोळ्यासमोर येतं बघा.”

“आणि फिट?”

“अपस्मार. स्मार म्हणजे आठवण. तेवढा वेळ माणसाची आठवणच जाते. खेड्यात फेफरं म्हणतात, आकडी म्हणतात.”

“मला हे सगळं लिहून द्या,” मॅडम म्हणाल्या. “नवीन डॉक्टरांच्या खोलीत लावू. पेशंट काय म्हणतो आणि आपण काय समजायचं.”

धम्मपाल लगेच लिहायला बसला. वारं, आकडी, भोवळ, दातखिळी. अक्षर त्याचं मोत्यासारखं. भराभर अर्धं पान झालं. मग त्यानं ‘अटॅक’ लिहिलं, आणि पुढं पेन चालेना.

सहा वर्षांपूर्वीचा रविवार. त्याची बायको मीना पाट्यावर चटणी वाटत होती. वाटता वाटता तिचा हात थांबला, तोंड वाकडं झालं आणि ती तशीच भिंतीला टेकली. ज्या माणसानं हजारो केसपेपरांवर लकवा लिहिला होता, तो चपला न घालता रस्त्यावर आला आणि शेजारच्या जयसिंगच्या दारात ओरडला, “दादा, मीनाला अटॅक आलाय!”

अटॅक म्हटल्यावर सगळं कोल्हापूर जे समजतं तेच जयसिंग समजला. त्यानं गाडी काढली आणि भरधाव नेली ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, हृदयाच्या दवाखान्यात. मागच्या सीटवर मीनाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या धम्मपालच्या तोंडून वाटेत एक शब्द फुटला नाही. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, ईसीजीची पट्टी काढली. हृदय ठीक आहे, हे मेंदूचं आहे, मेंदूचा फोटो इथं निघत नाही, म्हणाले. तिथून निघणं, रविवारची गर्दी, दुसरा दवाखाना, तिथली रांग. तोवर इंजेक्शनची वेळ टळून गेली होती.

मीना त्यानंतर चार वर्षं होती. तिच्यापाशी एकच शब्द उरला होता : हाय. दुखतंय का, हाय. भूक लागली का, हाय. नको असलं तरी हाय. शब्दांच्या मुळाशी जाणारा धम्मपाल चार वर्षं त्या एका शब्दाचे अर्थ लावत राहिला. कधी लागले, कधी नाही. एकदा ती रात्रभर हाय हाय करत राहिली, आणि तिच्या पाठीखाली केसांचा चिमटा रुतला होता हे त्याला सकाळी कळलं.

ती गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जयसिंग हार घेऊन आला तेव्हा मुलगी रूपाली दारात आडवी आली. “तुम्ही आत येऊ नका काका. तुम्ही नको तिथं नेलंत म्हणून आईचं असं झालं.” जयसिंगनं हार उंबऱ्यावर ठेवला आणि तो माघारी गेला. धम्मपाल आत उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो बोलला नाही. मग दोन वर्षं बोलला नाही.

“सायेब!”

खिडकीत सकाळचीच बाई होती. “बोटं हालवली वो त्यांनी! डाक्टरीनबाई म्हनल्या, तुमी यळ इचारलासा म्हनून झालं. तुमचं लई उपकार झालं.”

“माझं काय त्यात,” धम्मपाल म्हणाला, आणि त्याला तिच्याकडं बघवेना.

ती गेल्यावर त्यानं अटॅकपुढं लिहिलं : ‘हा शब्द आला की थांबावं. छातीत की डोक्यात, ते विचारावं. आणणारा माणूस शिकलेला असला तरी विचारावं.’ कागद मॅडमच्या टेबलावर ठेवून तो निघाला.

जयसिंगच्या गोठ्यात संध्याकाळची धार चालली होती. धम्मपाल दाराशी उभा राहिलेला पाहून त्यानं बादली बाजूला ठेवली.

“धम्मा? ये की. बाहीर का उभारलास?”

“दादा, त्या दिवशी अटॅक म्हणून मीच ओरडलो. तुमी माझ्या शब्दावरच गाडी तिकडं नेली. आन् रूपानं तुमाला दारातनं परत लावलं तवा मी गप बसलो.”

जयसिंगनं हात धोतराला पुसले. “मला काय ठावं न्हाय व्हय? माझ्याच कानांनी ऐकलंय की.”

“मग तिला सांगितलं का न्हाई?”

“काय सांगू? पोरीची आई गेलती. आता बापबी तिच्या मनातनं घालवू?” तो म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिला. “माझं काय, मी शेजारी. शेजाऱ्यावर राग धरून मानूस जगतंय.”

धम्मपाल गव्हाणीच्या कट्ट्यावर बसला. खिशातून फोन काढला आणि पुण्याला लावला. रूपालीनं उचलला. मागं कुकरची शिट्टी होत होती.

“बोला बाबा.”

त्यानं सांगितलं. काही गाळलं नाही. ओरडलेला शब्द सांगितला, गाडीत गप्प राहिल्याचं सांगितलं, पुण्यानुमोदनाच्या दिवशी आत उभा होता तेही. बोलून झालं तेव्हा पलीकडं कुकर कुणीतरी बंद केला.

“बाबा,” ती म्हणाली, “तुमच्याशी मला आत्ता बोलता येणार नाही. काका आहेत तिथं?”

“हायत.”

“त्यांना द्या.”

धम्मपालनं फोन पुढं केला. जयसिंगनं तो दोन्ही हातांत धरून कानाला लावला. पलीकडून नुसतं रडणं येत होतं. तो ते ऐकत राहिला. मधून मधून हं म्हणत राहिला. मग म्हणाला,

“रूपा, जेवलीस का बाळ?”