आयत्या टाकीतल्या गोगलगायी

माशांच्या टाकीत नवी रोपं लावली आणि त्यांच्याबरोबर न बोलावता गोगलगायी शिरल्या. माझं डोकंच फिरलं.

“आयत्या बिळावर नागोबा!” मी बायकोवर खेकसलो. “फुकट खायचं आणि हलायचं नाव नाही!”

तिने डोळे वटारले, पण उशीर झाला होता. नोकरी गेल्यापासून आमच्याकडे राहणारा तिचा भाऊ मागेच चहा पीत होता.

“दाजी, त्या सडकी पानंच खातात,” तो हळूच म्हणाला. “काचेवरचं शेवाळंही साफ करतात.”

मी घाईघाईने डबा उचलून ऑफिसला सटकलो.

संध्याकाळी आलो तर भांडी घासलेली, फरशी पुसलेली, माझे बूटसुद्धा चकचकीत. मेहुणा खिडकीच्या काचा पुसत होता. मला पाहून फडकं पिळत म्हणाला, “अजून काय साफ करू, दाजी?”